खानझोडे सर पोरीचा पेपर तपासतात

पांडुरंग खानझोडे आमच्या शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. वडील वर्ध्याकडून रेल्वेत रायपूरला आले आणि इथलेच झाले. रायपूर राजधानी झालं, तेव्हा स्टाफरूममध्ये जो तो नवीन रायपूरच्या जमिनीच्या गप्पा हाणत होता. खानझोडे सर मात्र कोपऱ्यात बसून तपासलेले पेपर पुन्हा तपासत. मी त्याच शाळेत गणित शिकवत होते आणि समता कॉलोनीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते. त्यामुळे हा माणूस मला घरी आणि दारी, दोन्हीकडे बघायला मिळाला.

त्यांची मुलगी अनुश्री अकरावीत त्यांच्याच वर्गात होती. तिचा पेपर ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक तपासत. अर्धा मार्क द्यावा की नाही असा प्रश्न पडला, तर दुसऱ्या पोराला देऊन टाकत, तिला देत नसत. “पोट्टीले सूट देली असं कोणी म्हणाले नोको,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अख्खा स्टाफ वाहवा करी. मला ते कधीच पटलं नाही. मुद्दाम कमी तोलणारा तो कमी तोलणाराच, मग तोटा घरचा असो की गिऱ्हाइकाचा. मी तसं तोंडावर सांगितलं, तर सर हसले.

“कुसुमताई, तुमचं पोर तुमच्या वर्गात नाही, म्हून हे सुचून राहिलं तुमाले.”

त्या वर्षी सरांनी वर्गात क्लोरीन शिकवला. त्याचं अणुवजन साडेपस्तीस. पण साडेपस्तीस वजनाचा एकही अणू जगात नाही. तीन हिस्से पस्तीसचे, एक हिस्सा सदतीसचा, त्यांची मिळून ती सरासरी. अनुश्रीच्या डोक्यात हे भलतंच बसलं. अणू दिसत नाही, तर त्यात दोन जाती आहेत हे कोणाला कसं कळलं? ती घरी बापाच्या मागेच लागली.

“यंत्र असते त्याच्यासाठी,” सर म्हणाले. “अणूले आधी वीजभार देतात, मग चुंबकातून पळवतात. हलका जास्त वळते, जड कमी. तेलीबांध्याच्या वळणावर सायकल अन् सिमेंटचा ट्रक पाह्य, तसंच.”

“पापा, वो मशीन मुझे देखनी है,” अनुश्री म्हणाली. तिला मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचं.

आणि योग असा, की हैदराबादच्या एका संस्थेत हिवाळी शिबिर निघालं, ज्यात हे यंत्र मुलांना चालवून दाखवणार होते. शाळेतून एकच मूल जाणार. सहामाहीत केमिस्ट्रीत जो पहिला, तो. अनुश्रीने दिवाळीतसुद्धा पुस्तक खाली ठेवलं नाही. निकाल लागला आणि नरेश साहू एका मार्काने पुढे गेला. मुलगा हुशार, त्याच्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. अनुश्रीने आठवडाभर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं नाही.

मग एका दुपारी सर प्रयोगशाळेतून थेट माझ्यापाशी आले. चेहरा उतरलेला. प्रॅक्टिकलसाठी मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे खडे तोलत होते, बरणीवरचं सूत्र वाचलं, आणि हात थांबला. सहामाहीत त्यांनी विचारलं होतं, की मोरचुदाच्या अडीचशेला अर्धा ग्रॅम कमी एवढ्या खड्यांत ऑक्सिजनचे अणू किती मोल? ते वजन बरोबर एक मोल भरतं, पण त्यात खड्यांच्या आत अडकलेलं पाणीही येतं. एका मोल खड्यात ऑक्सिजन सल्फेटमधला चार मोल आणि पाण्यातला पाच मोल, एकूण नऊ. सरांनी वजनात पाणी धरलं होतं, पण ऑक्सिजन मोजताना ते विसरले होते. घाईत चार लिहून मोकळे झाले होते. वर्गानेही चारच लिहिलं होतं, नरेशनेही. नऊ लिहिलं होतं एकट्या अनुश्रीने, आणि तिचे दोन मार्क गेले होते.

“नरेशनं नऊ लेहलं असतं, तर मी थांबून पाह्यलं असतं, ह्याचं नऊ काहून आलं म्हून,” सर म्हणाले. “पोट्टीचं होतं. सरळ काटलं.”

“आत्ता उठा आणि प्रिन्सिपलकडे जा,” मी म्हटलं.

ते उठले नाहीत. निकाल फिरवून बापाने स्वतःच्या पोरीला पुढे काढलं, असं गावभर होईल, ही त्यांना धास्ती. मी त्यांना बरंच ऐकवलं. माणूस लोकलाजेपायी खोटं बोलतो हे मला ठाऊक होतं. खरं असूनही गप्प बसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मला संताप आला. सर गेले ते तिसऱ्या दिवशी. तोवर नरेशचं नाव हैदराबादला पोचलं होतं आणि तिकीटही निघालं होतं. सरांनी वर्गात चूक कबूल केली, सगळ्यांचे मार्क दुरुस्त केले. मागच्या बाकावर पोरं मुद्दाम खोकली. नरेश शिबिराला गेला.

अनुश्रीने भांडण केलं नाही. तिने एवढंच मागितलं, की वार्षिकचा तिचा पेपर दुसऱ्या कोणी तपासावा. बापाने मान डोलावली. पेपर बाहेरच्या शाळेतल्या एका सरांकडे गेला.

निकालाच्या दिवशी मी खाली चहाला होते. पेपर सरांच्या हातात होता. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि एकदम ताठ झाले. एका मोलच्या गणितात उत्तर बरोबर होतं, रीतही बरोबर होती, आणि तपासणाऱ्याने तीन मार्क कापले होते.

“हे चूक हाये! मी आत्ताच जातो शाळेत,” म्हणून त्यांनी चप्पल घातलीसुद्धा. या खेपेला त्यांना लोकांची आठवण झाली नाही. बायको, इंदूताई, कौतुकाने बघत होती.

“रहने दो, पापा,” अनुश्री म्हणाली.

“काहून? तुह्या हक्काचे हाये.”

तिने पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला. आवाज चढवला नाही.

“उन्होंने गलती से काटे हैं. आपने ये देखकर काटे थे कि पेपर मेरा है.”

सर चप्पल घालूनच खाली बसले.