कन्नाचं मत अजून यायचं आहे

मंडळी, लिनक्स मराठीत आणणारा आपला गट यापुढे चॅटवर बोलणार की मेलिंग लिस्टवर, याचं मतदान आज संपतंय.

त्यासाठीच मी अहेरीच्या बाजारात कन्नाची वाट पाहत होतो. कन्ना आपला भामरागडकडचा भाषांतरकार. तो फक्त बाजाराच्या दिवशी इथल्या सायबर कॅफेत येतो.

शबानाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात बसलो. काचेतून आलेलं ऊन भिंतीवर हिरवं-लाल हलत होतं. डोळे मिटायला लागले, तेवढ्यात रानाकडची एक बाई आली.

“तुह्या बहिणीचा निरोप हाय. तिले पोरगी झाली,” शबानाबाई तिला म्हणाल्या.

“कधी?”

“मागच्याच्या मागच्या बाजारी सांगून गेली.”

बाई अशी हसली, जणू पोरगी आत्ता या दुकानातच जन्मली.

चॅटवर ही बातमी केव्हाच वाहून गेली असती. माझं मत लिस्टला. तिथं मेल वाचणाऱ्याची वाट पाहत राहते.

कन्ना मात्र आलाच नाही. निघताना शबानाबाईंकडे त्याच्यासाठी निरोप ठेवला, “तुह्या मतासाठी आम्ही थांबून राह्यलो.”

तुम्हाला न विचारताच ‘आम्ही’ म्हणून आलोय. थांबाल ना?