पाह्यजे तितके दिवस राह्यजो!

लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात माझी बायको मला सोडून गेली; ही बातमी मला आठव्या दिवशी मामांकडून कळली.

लग्न रीतसर जमवलेलं. बघायला गेलो तेव्हा आम्हा दोघांना पाच मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं होतं. त्यात मी तिला वांग्यावरच्या अळीबद्दल सगळं सांगितलं. (आमचा सेलूजवळ भाजीचा मळा आहे. दुसरं सांगणार काय!) लग्नानंतर तर तेवढंही बोलणं होईना.

एके सकाळी वैशालीने विचारलं, "सिंदीले जाऊन येऊ काय? आईची आठवण येऊन राह्यली."

"जा नं!"

"किती दिवस राहू?"

आता मी पडलो आधुनिक नवरा. मोठ्या मनाने म्हणालो, "पाह्यजे तितके दिवस राह्यजो. इथं काई अडून नाई राह्यलं!"

ती लगेच बॅग भरू लागली. मला वाटलं, आनंदाने!

मी तिला गाडीत बसवून दिलं. फोन केला नाही; केला तर तिला वाटेल, घाई करतो. तीही करेना. पाचव्या दिवशी मात्र राहवलं नाही. अर्धा तास खपून मेसेज लिहिला, चारदा खोडला आणि उरलं ते पाठवलं: "ठीक?"

उत्तर आलं, "ठीक."

आठव्या दिवशी मामा दारात हजर! माझ्या आईनेच त्यांना रडून फोन केला होता.

"बायको सोडून गेली म्हणे तुले! काऊन भांडले रे तुमी?"

"भांडलोच नाई, मामा."

"भांडलेबी नाई? मंग तं मामला लई गंभीर हाय!"

मामांनी जीप काढली. मी, आई आणि गावातले तीन जाणते. सिंदीला पोचलो तर तिकडे माणसं दुप्पट! सतरंज्या अंथरलेल्या, चहा उकळत ठेवलेला. मामांनी बसल्याबसल्या माझ्या वतीने माफी मागून टाकली. कशाची, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

वैशालीच्या काकांनी चौकशी सुरू केली. "पोरी, जवाई दारू पेते काय?"

"नाई," दाराआडून आवाज आला.

"हात उचलते?"

"नाई!"

"अवो, मंग करते तरी काय?"

"काईच करत नाई! बोलतबी नाई! म्हणे, पाह्यजे तितके दिवस राह्य, इथं काई अडून नाई राह्यलं!"

सगळ्या बैठकीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईनेसुद्धा!

"मले वाटलं, तुले आवडन," मी पुटपुटलो.

आता ती दाराआडून थेट बाहेर आली. डोळे भरलेले. "मले वाटलं, तुमाले मी नकोच झाले. रोज फोन घेऊन बसत होते मी!"

"मीबी!"

सासरे उठले. आम्हा दोघांना आतल्या खोलीत ढकललं, "आता बोला!" म्हणाले आणि बाहेरून कडी लावली. कडीपलीकडे पंधरा माणसं श्वास रोखून ऐकत होती. शेवटी खरं तेच तोंडातून निघालं, "वैशाली, तू नसली का घर खायले उठते."

"जोरात बोल बे!" बाहेरून मामा ओरडले. "मागं ऐकू नाई येत!"

ती हसली आणि तिथेच बॅग भरू लागली.

परतताना जीपमध्ये तिने हळूच बजावलं, "आतापासून मनात जे असन ते सरळ सांगत जा. मी राग नाई मानणार."

मीही जोशात आलो. म्हटलं, "तुह्या आईच्या हातची भाजी तुह्यापेक्षा लई मस्त होते!"

ती पुढे तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण या वेळी कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. संसारात माणसाची प्रगती होते, ती अशी!