गाळलेलं कडवं

बंगळुरूची बस कार्ले फाट्यावर थांबली आणि आपल्या सामानातले ड्रम बघून क्लीनरचं तोंड वाकडं झालं. "बँडबाजावाले हो क्या?" त्यानं विचारलं. मिहिर, तू पोट धरून हसला होतास. तळेगावच्या कॉलेजात जमलेला आपल्या तिघांचा रॉक बँड, नाव 'कॅच सायडिंग'. ब्रेक गेलेली रेल्वेगाडी वळवायला घाटात चढाची एक लाइन ठेवलेली असते, तिचं हे नाव. आपल्याला ते फार भारी वाटायचं.

निरोपाला, ओंकार, तुझे वडील जीप घेऊन आले होते. ते खाली उतरले नाहीत, काचेतूनच हात हलवला. माझे आबा मात्र डिकीत कमरेपर्यंत वाकून माझ्या बास गिटारचा अँप सतरंजीत बांधत होते. सतरंजी त्यांच्या गायन पार्टीची. आबा तळेगावच्या कारखान्यात पाळ्या करायचे, आणि जयंती आली की आमच्या खालच्या वस्तीत विहारापुढं ढोलकी घेऊन बसायचे. गाणीही तेच रचायचे.

दोरीला शेवटची गाठ मारून ते म्हणाले, "सुजात, कुनाचंबी गानं म्हना. पर शेवटच्या कडव्यात रचनाऱ्याचं नाव येतं, ते गाळायचं न्हाई. नाव गाळून म्हनलं तर ती चोरी."

मी 'हो आबा, हो' म्हणालो आणि चढलो. आबांचंच गाणं, आबांचं नाव गाळून, तेव्हा माझ्या खिशातल्या गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं.

हे मी आज तुम्हा दोघांना लिहितोय. मिहिर, तू आता टोरांटोत. ओंक्या, तू परत कार्ल्यात, भातखाचरांवर बांधलेल्या घरच्या रिसॉर्टच्या काउंटरवर. मी अजून बंगळुरूतच, एका स्टुडिओत दुसऱ्यांचे आवाज साफ करतो. रोज 'स्वल्प अड्जस्ट माडि', जरा जमवून घ्या, म्हणत अकरा वर्षं गेली. यंदाच्या जयंतीनंतर तुम्हाला मेसेज केले, कॉल केले. 'बोलू निवांत' यापुढं काही आलं नाही. म्हणून हे. आणि हे प्रेमाचं पत्र नाही, आधीच सांगतो.

लोणावळ्याला तुंगार्लीतला मिहिरचा बंगला आठवा. घरचे पुण्यात, बंगला रिकामा, शेजारच्यांना ड्रमचा त्रास नाही. तिथं एका दुपारी मी बासवर सहज आबांची चाल वाजवली आणि पुटपुटलो,

खडी फोडली माज्या आईनं,
गाडी कुनाची जाती?

माझ्या आजीनं हायवेच्या कामावर खडी फोडली होती. तिच्या हाताची बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. आबांनी तिच्यावर रचलेलं हे गाणं. मिहिर, तू काठ्या खाली ठेवून विचारलंस, "हे कुणाचं रे?" आणि मी म्हणालो, "गावाकडचं आहे, जुनं."

का म्हणालो? लाज वाटली म्हणून. आबांचं सांगितलं की गायन पार्टी सांगावी लागली असती, मग जयंती, मग वस्ती. कॉलेजात दोन वर्षं मी फक्त 'लोणावळ्याकडचा' होतो आणि मला तेच राहायचं होतं. हा माझा नालायकपणा, तो दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पण ओंक्या, तू? तू माझ्याच गावचा. वरच्या आळीत तुझं घर, तिथं आमचा कर्णा दरवर्षी स्पष्ट ऐकू येतो, तुझ्या काकांनी त्यावरून तक्रारही केलेली. तुला ते गाणं तोंडपाठ होतं. मी चाल वाजवली तेव्हा तू पुढची ओळ माझ्या आधी म्हणालास! मी 'जुनं आहे' म्हणालो तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस आणि मग गिटार ट्यून करायला लागलास. त्या गप्प बसण्याला मी कितीतरी वर्षं मैत्री समजत होतो. तू मला सांभाळून घेतलंस, असं वाटायचं. आता वाटतं, तुला ते सोयीचं होतं. गंगाराम हे आबांचं नाव तुझ्या तोंडून निघालं नसतं.

गाणं पाच कडव्यांचं होतं. साडेतीन मिनिटांत बसेना. कुठलं कडवं काढायचं यावर एक मिनिटही वाद झाला नाही. शेवटचं काढा, मीच म्हणालो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्या एका गाण्यावर आपण उभे राहिलो. ओंक्या माइक पुढं करायचा आणि बंगळुरूची पोरं, ज्यांना मराठीतलं ढिम्म कळत नव्हतं, ती 'गाडी कुनाची जाती' म्हणून छत डोक्यावर घ्यायची. मुलाखतीत ओंक्या म्हणायचा, "मातीतलं गाणं आहे." कुणाच्या मातीतलं, ते कुणी विचारलं नाही. ऑनलाइन टाकताना फॉर्ममध्ये रचनाकाराचा रकाना होता. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, तुम्ही दोघं खांद्यावरून बघत होतात. मी लिहिलं, 'पारंपरिक'. नंतर बँड फुटला तोही धड भांडून नाही. मिहिरनं व्हिसाचा फोटो ग्रुपवर टाकला, ओंक्यानं अंगठ्याचा इमोजी टाकला, संपलं.

आबांना यातलं काही माहीत नव्हतं. आपले कार्यक्रम त्यांनी कधी ऐकले नाहीत. मीच कधी बोलावलं नाही.

मग मागच्या पावसाळ्यात आईचा फोन आला. "आबा दोन दिस झालं नीट जेवले न्हाईत. तू कायतरी केलंयस."

झालं होतं असं. रविवार, कार्ले फाट्यावर नेहमीसारखा पुण्या-मुंबईच्या गाड्यांचा चक्का जाम. आबा रस्ता ओलांडायला उभे होते आणि समोरच्या गाडीत चार पोरं मोठ्यानं गाणं लावून नाचत होती. खडी फोडली माज्या आईनं. आबांना आधी आनंद झाला म्हणे. त्यांनी काचेवर टकटक केलं आणि सांगितलं, "बाळांनो, हे गानं माजं हाय." पोरं वाईट नव्हती. त्यांनी आवाज कमी केला आणि मोबाइल दाखवला. "काका, इथं पारंपरिक लिहिलंय. म्हणजे कुणाचंच नाही." खाली बँडचं नाव होतं, आणि आपल्या तिघांचा फोटो.

मी पहिली बस धरून आलो. सगळं सांगितलं: तुंगार्ली, फॉर्म, कडवं. आबा ओट्यावर ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते. माझ्यावर हात उगारला असता तर बरं झालं असतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजी तूबी गाडीतच बसला हुतास की."

मी गाण्याखालचं 'पारंपरिक' बदलून घेतलं. दोन महिने पत्रव्यवहार केला तेव्हा तिथं रचनाकार म्हणून 'गंगाराम' आलं. फोनवर आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, फोन परत दिला. "बरं केलंस. पर लोक गानं ऐकत्यात, कागद कोन वाचतंय? ज्या तोंडानं गानं म्हनलं, त्याच तोंडानं नाव घ्यायचं असतंय."

म्हणून मी तुमच्या मागं लागलो. ते कडवं रेकॉर्ड करू, गाणं पुन्हा टाकू. मिहिरचं उत्तर आलं, "ब्रो, लेगसी ट्रॅक आहे, हात नको लावूया." लेगसी! माझ्या आजीची वाकडी बोटं, आणि लेगसी याची! ओंक्या, तू निदान फोन उचललास. मी म्हणालो, रेकॉर्डिंग राहू दे, यंदा जयंतीला विहारापुढं ये, आबा ढोलकीवर असतील, एक कडवं म्हण. चालत पाच मिनिटं. तू म्हणालास, "घरच्यांचं बघायला लागेल रे. बघतो." जयंतीच्या दिवशी तू गावात होतास. तुमच्या अंगणात जीप उभी होती.

आबांनी तुझी वाट पाहिली. चार कडवी त्यांनी म्हटली आणि पाचव्याच्या आधी थांबून नुसता ढोलकीचा ठेका धरून ठेवला. वस्ती बसून, म्हाताऱ्या मावश्या बसून, मी बाजूला बास घेऊन उभा. मग आबांनी माइक माझ्याकडं वळवला. मी गाणारा नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? आवाज फाटला, सूर घसरला. पण म्हटलं,

गंगाराम म्हने, उतरा खाली,
ही माज्या आईची माती.

आबांनी ढोलकीवर थाप मारली आणि माझ्याकडं न बघता तोच शेवट पुन्हा घ्यायला खुणावलं. मी तीनदा म्हटला.

बंगळुरूत कुणी विचारलं तर मी 'लोणावळा' सांगायचो, धुक्याचं आणि चिक्कीवाल्यांचं. आता सांगतो, कार्ले, खालची वस्ती, गंगारामांचा मुलगा. घर एवढंच आहे. ते सांगायला मला एवढी वर्षं लागली याबद्दल मला तुमच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

आणि ओंक्या, ऐकूच आलं नाही असं सांगू नकोस. कार्यक्रमाआधी खांबावर मी चढलो होतो, आणि कर्ण्याचं तोंड मीच तुझ्या घराकडं वळवलं होतं.