दत्ताराम पालवने ऐकलेले ठोके

कुणाच्याही घरी गेला की दत्ताराम पालव आधी भिंतीला तळहात लावायचा. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. घरातल्या बायका हसायच्या. "भिंतीक घाई नसता, आपल्याक असता," एवढं बोलून तो चहाला बसायचा.

आमच्या बचाव पथकात ढिगाऱ्याखालची चाहूल टिपणारं यंत्र तोच चालवी. सिमेंटच्या तुकड्यांवर सेन्सर ठेवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि डोळे मिटायचे. मी पथकाचा प्रमुख. मी शिट्टी मारली की जनरेटर, कटर, माणसं, सगळं थांबे. त्या शांततेत दत्ताराम खोल पाण्यात उतरल्यासारखा दिसे. वर आला की हलकेच सांगे, "हय एक बाई कण्हता." खोदलं की बाई सापडायची.

लालबागची ती चाळ शिमग्याच्या दिवसांत, सकाळी कोसळली. शेजारच्या गल्लीत मसाला कांडणाऱ्यांनी आपणहून यंत्रं बंद केली. उन्हात धूळ आणि मिरचीचा वास तरंगत राहिला, रस्ता पेंगुळल्यासारखा गप्प झाला. दत्तारामने पूर्वेच्या कोपऱ्यात सेन्सर लावले. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"साहेब, खाली कोणतरी ठोकता. तीनदा. मगे थांबता."

तिथे कोकणातल्या एका गावच्या चाकरमान्यांची मिळून घेतलेली खोली होती. मी तसल्याच खोलीत वाढलो. शिमग्याला देवाची पालखी घरोघरी येते, तेव्हा अशा खोलीत माणूस राहत नाही, हे मला पाठ होतं.

"पालखी सोडून मुंबईत कोण बसलाय? फुटका नळ असेल."

"नळ दम घेना नाय, साहेब. दम घेता तो माणूस."

"आता तू मला शिमगा शिकवणार?"

दोघं-तिघं हसले. मी पथक पश्चिमेला हलवलं. तिथे दोन बहिणी जिवंत निघाल्या. माझं कौतुक झालं.

दुपारी पूर्वेचा कोपरा उघडला. पायाला प्लास्टर, म्हणून गावी न गेलेला एक माणूस. हातात स्टीलचा पेला. अंग अजून गरम होतं.

अहवालात मी लिहिलं: या भागात यंत्रावर हालचाल आढळली नाही. चौकशीत ठपका दत्तारामवर आला. यंत्र काढून घेऊन त्याला भांडारात बसवलं. एकदा जिन्यात मला गाठून तो म्हणाला, "त्याच्या घरच्यांका तरी खरा सांगा, साहेब." मी 'बघू' म्हणालो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी परळला त्याच्या घरी गेलो. खिडकीचा पडदा संथ हलत होता. मी एका दमात सगळं कबूल केलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"मोठ्यान बोला, साहेब. आता माका आयकूक येना नाय."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली.

"तब्येत विचारतोय," मी ओरडून सांगितलं.

गेल्या महिन्यात दत्ताराम गेला. म्हणून हे लिहितो: यंत्र चुकलं नव्हतं, दत्तारामही नाही. त्याने ठोके ऐकले होते आणि मला सांगितले होते.

हे छापायला देण्याआधी त्या माणसाच्या गावी जाऊन आलो. त्याच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "बाबा किती वेळ ठोकत होते?"

ते ठाऊक असलं तर एकट्या दत्तारामला. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.