थोबेकाने विकलेला विमा

दक्षिण आफ्रिकेत, डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीत थोबेका शांगेला लोक ‘मयतवाली’ म्हणत. दारोदार फिरून ती अंत्यविधीचा विमा विकायची. एड्सच्या साथीच्या त्या वर्षांत डर्बनच्या आसपास शनिवार म्हणजे दफनाचाच वार होऊन बसला होता, त्यामुळे तिचा धंदा कधी थांबला नाही. अशाच एका शनिवारी तिचा नवरा पुरला गेला. मग तिच्याही रक्तात एचआयव्ही निघाला.

गोळ्यांनी ती सावरली. मुलीसाठी स्वतःचा आयुर्विमा काढावा म्हणून साहेबांकडे गेली, तर ते हसले. “मरायला टेकलेल्याचा विमा कोण काढतं, थोबेका? हे मी तुला शिकवायचं?”

तिने ती नोकरी सोडली.

पुढे शहरात एक नवी कंपनी निघाली. ती एचआयव्हीवाल्यांचाही विमा काढायची. हप्ता चढा होता, गोळ्या नेमाने घ्यायच्या आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासून दाखवायचं. थोबेकाने आधी स्वतःचा काढला, मग तोच विकायला निघाली. पण आता तिला पाहिलं की दारं लागायची. ती ज्या घरात शिरेल त्या घरात ‘ते’ आहे, असं शेजारी धरून चालत.

“फाटकाशी थांबू नकोस, बाई,” एक म्हातारी म्हणाली. “नातीचं लग्न ठरतंय.”

बसचालक गुमेडेने तिला गाठलं ते शेवटच्या थांब्यावर, बस रिकामी झाल्यावर.

“आमच्यासारख्यांना विमा मिळतो म्हणे?”

“मिळतो, बाबा. मीच घेतलाय.”

“तू? तू तर माझ्या बायकोपेक्षा धडधाकट दिसतेस.”

“गोळ्या खाते ना. तुम्ही?”

“खातो. बायकोला सांगितलंय, रक्तदाबाच्या आहेत.”

“त्यांनाही तपासून घ्या, बाबा.”

“आधी विमा होऊ दे. दोन मुली आहेत मला.”

विमा झाला. दोन वर्षं गुमेडे न चुकता रक्त देऊन आला. मग त्याच्या चर्चमध्ये एक नवा पास्टर आला. गोळी गिळणं म्हणजे देवावर अविश्वास, असं तो सांगायचा. गुमेडेने गोळ्या टाकल्या, तपासणी चुकवली, फोन घेईना. थोबेका त्याच्या बसमध्ये चढली आणि सगळे उतरेपर्यंत बसून राहिली.

“मी बरा झालोय, ताई,” तो म्हणाला. “पास्टरनी डोक्यावर हात ठेवला.”

“मग रक्तातही दिसेल की. देऊन तर बघा.”

“देवाची परीक्षा घेऊ?”

ती बसमधून उतरून गेली. अटीप्रमाणे कंपनीने विमा कापला. आता गुमेडे अपघातात गेला तरच घरच्यांना काही मिळणार होतं. तो त्या हिवाळ्यात क्षयाने गेला.

दफन उरकल्यावर त्याची बायको मालांगा थोबेकाकडे आली.

“हप्ता तर जात होता. मग पैसे का देत नाही तुमची कंपनी?”

“तपासण्या चुकल्या, मा.”

“रक्तदाबाच्या?”

ग्राहकाचा आजार कुणालाही सांगायचा नाही, मेल्यावरही नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती. थोबेकाने समोरच्या बाईची उतरलेली गालफडं पाहिली.

“मी कसल्या गोळ्या खाते, ठाऊक आहे ना?”

“अख्ख्या उमलाझीला ठाऊक आहे.”

“बाबांच्याही त्याच होत्या.”

मालांगाने समोरचा चहाचा कप बाजूला सारला.

“इतकी वर्षं माझ्या दारावरून जात होतीस. तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगायची परवानगी नव्हती.”

“आज आहे?”

“आजही नाही.”

मालांगा उठून गेली. दवाखान्यात ती एकटीच गेली. भीती होती तेच निघालं. तिने गोळ्या सुरू केल्या, आणि अंगात जीव आल्यावर मुलींच्या नावे स्वतःचा विमा काढला, तोही थोबेकाकडूनच. सह्या तिने आपल्या फाटकाबाहेर उभ्या उभ्या केल्या. थोबेकाला तिने घरात बोलावलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.