पाण्याच्या गाण्यांसाठी नवा प्रोसेसर

माझ्या कॉम्प्युटरला डबडं म्हणणाऱ्यांशी मी फार वेळ बोलत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचा आहे तो. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, निवृत्तीचा अर्जसुद्धा त्याच्यावरच टाइप केला. त्यामुळे भाची जेव्हा म्हणाली, "आत्या, फेकून दे ना, नवा घे," तेव्हा मी तिला म्हटलं, "तू आधी तुझ्या लग्नाचं बघ." लग्न ईस्टरनंतर होतं, आणि खरं तर त्या लग्नासाठीच मला कॉम्प्युटर हवा होता.

वसईतल्या आमच्या वाडीत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. त्या वेळची गाणी घरातली सगळ्यात मोठी बाई सांगते, बाकीच्या मागून म्हणतात. आमच्याकडे ती माझी आई. वयाची पंच्याऐंशी उलटली, डोळ्यांनी अंधुक दिसतं, पण शेजारपाजारच्या घरांतही गाणी सांगायला तिलाच बोलवायचे. मागच्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती कुजबुज उरलीय. नातीचं लग्न ठरलं त्या दिवशी सगळे पेढे खात होते आणि ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पान्याची गानी यंदा कोन सांगनार?" मला फार वाईट वाटलं.

माझ्याकडे तिचा आवाज होता. ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं मी तिची गाणी मोबाइलवर घेतली होती. पण माझं डोकं तेव्हा कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे! कधी पंख्याखाली बसवलं, कधी कुकरच्या शेजारी. सगळ्या गाण्यांत घरघर आणि शिट्ट्या. आता असं सॉफ्टवेअर मिळतं की ते माणसाचा आवाज ठेवतं आणि बाकीचा गोंगाट काढून टाकतं. मी ते घातलं. एका गाण्याला तीन तास लागले आणि शेवटी कॉम्प्युटर हँग झाला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

नालासोपाऱ्याला एक दुरुस्तीवाले आहेत, माझ्याच वयाचे, चष्मा कायम कपाळावर. ते म्हणाले, "मॅडम, मशीन ठीक आहे, त्याचा प्रोसेसर थकलाय. त्याच खाचेत बसणारा नवा टाका, काम होऊन जाईल." त्यांनी दोन पुढे ठेवले. मी अर्थातच स्वस्तातल्यावर हात ठेवला. तर म्हणाले, "रुको, रुको. तुमच्याकडे ग्राफिक कार्ड आहे का? नाही ना? मग हा लावला तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. याच्यात चित्र दाखवायची सोयच नाही." म्हणजे दोन्ही दिसायला सारखे, बिस्किटाएवढे चौकोन, आणि एक माझ्या काहीच कामाचा नाही! मी दुसरा घेतला. पहिल्यापेक्षा थोडा महाग, पण नव्या कॉम्प्युटरपुढे काहीच नाही. निघताना ते म्हणाले, "प्रोसेसर ज्यावर बसतो तो बोर्ड जुना आहे. नवा लावायच्या आधी त्याचं बायोस, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, अपडेट करावं लागेल. मशीन घेऊन या, मी करून देतो."

आता ते धूड घेऊन वसईहून परत यायचं? मी मनात म्हटलं, आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, मला चार स्क्रू काढता येत नाहीत? अपडेटचं नंतर बघू म्हणून मी घरीच कॉम्प्युटर उघडला. पंखा ओढला तर जुना प्रोसेसर त्याला चिकटूनच वर आला. तो सोडवून बशीत ठेवला. नवा बसवला, वर उष्णता ओढून घेणारा लेप लावला, पंखा लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. पुन्हा केलं, पुन्हा काळा.

दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, "बोललो होतो की नाही? त्या बोर्डाला नवा ओळखताच येत नाही. जुना जपून ठेवलाय ना? तो परत लावायचा, अपडेट करायचं, मग नवा. जुन्याशिवाय माझं पण काही चालणार नाही." मी वळले, तर बशी रिकामी.

घरात लग्नाचं रंगकाम चाललं होतं. मी कॉम्प्युटरशी झटत असतानाच भंगारवाला येऊन गेला होता आणि आईने दोन गोण्या त्याला दिल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आई, माझी वस्तू भंगारात कशाला दिलीस? दिसत नाही तर हात कशाला लावतेस?" असं मी तिला सगळ्यांसमोर ओरडले. तिने ओठ हलवले. रंगाऱ्यांच्या गलक्यात मला काही ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकायला मी थांबलेही नाही.

रिक्षा केली आणि थेट गोखिवऱ्याला भंगारवाल्याच्या वखारीत. त्या भल्या माणसाने दोन्ही गोण्या माझ्यासमोर रिकाम्या केल्या. रंगाचे डबे, गंजलेली बिजागरं, मोडकी इस्त्री, माझ्याच तीन जुन्या छत्र्या. तासभर उकिडवी बसून शोधलं. नाहीच! येताना रिक्षात मला रडू आलं. प्रोसेसर गेला म्हणून नाही. आई गाणार नव्हती, आणि वर मी तिलाच बोलले होते.

घरी आले तेव्हा ती दारातच बसली होती. तिने मला हाताने खाली वाकवलं आणि कानात विचारलं, "काय हरवलं ते तरी सांग. कसं होतं?"

मी म्हटलं, "एवढासा चौकोन होता गं. खाली बारीक बारीक सोनेरी टोकं."

ती उठली. भिंतीला हात लावत आल्तारापर्यंत, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यापर्यंत, गेली.

आमच्या घराची एक रीत आहे. लग्न ठरलं की घरात आलेला सोन्याचा प्रत्येक डाग, अगदी साधी बांगडीसुद्धा, आल्तारावर मारिया मातेच्या पायाशी, पांढऱ्या फडक्याखाली ठेवायचा. लग्नाच्या सकाळपर्यंत ते फडकं फक्त घरातली मोठी बाई उचलते, दुसरं कुणी हातही लावत नाही. म्हणूनच मी सगळं घर पालथं घातलं असतं तरी तिथे बघितलं नसतं. आईने फडकं उचललं. भाचीच्या बांगड्यांशेजारी, कापसात अलगद गुंडाळलेला, माझा प्रोसेसर!

"रंगारी बोलला, सोन्याच्या काड्या हायेत," ती कुजबुजली. "मी बोटांनी चाचपलं. पोरीचा डाग असंल. सोनं कोन बशीत ठेवतं?"

जीव भांड्यात पडला. मी हसत होते, रडत होते आणि तिचे हात धरून माफी मागत होते. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "रिक्षाचे पैसे फुकट घालवलेस," म्हणाली. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन, मुकाट, रिक्षाने नालासोपारा. दुरुस्तीवाल्यांनी भिंगातून जुन्याच्या काड्या पाहिल्या. एकही वाकली नव्हती. कापसाची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणे कापसात कधी ठेवू नये, धागे काड्यांत अडकतात. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बाद, म्हणून त्यांनी इन्व्हर्टरवर लावलं. तेवढी मिनिटं मी रोझरी म्हटली. मग नवा बसवला आणि पडदा उजळला. इतकं बरं वाटलं की मी त्यांना लग्नाचं आमंत्रणच देऊन टाकलं.

त्या संध्याकाळी एक गाणं चार मिनिटांत स्वच्छ झालं. पंखा गेला, कुकर गेला, राहिली फक्त आई. आठवडाभरात सगळी गाणी झाली, पण मी तिला ऐकवली नाहीत. तिथेच ऐकू दे म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीशी तिची खुर्ची ठेवली. बायका कळशा घेऊन उभ्या राहिल्या. मी स्पीकर लावला आणि तिचा आवाज उठला, खणखणीत, पूर्वीसारखा. बायकांनी क्षणभर एकमेकींकडे बघितलं आणि मग मागून धरलं. आईचे ओठ प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या आधी हलत होते. शेवटचं गाणं संपलं, कळशा भरल्या, तेव्हा तिने माझा पदर ओढून मला खाली वाकवलं.

"चांगली सांगते," ती म्हणाली. "पुढच्या लग्नाला पन हीच बाय बोलव."