पूजेतले बर्नर

टाकीत दोन दिवसांचा गॅस आणि हातात पुरवठादाराचा मेल. त्यात लिहिलं होतं, ‘फोर्स मॅज्यूर’. म्हणजे, संकट हाताबाहेरचं आहे, माल मिळणार नाही, आम्हाला दोष देऊ नका.

जबलपूरजवळ आमचा भट्टीच्या विटांचा कारखाना. मी तिथला एनर्जी मॅनेजर. गॅस परदेशातून जहाजानं गुजरातला यायचा, तिथून टँकरनं आमच्याकडे. विकणाऱ्या देशाचं शेजाऱ्याशी भांडण पेटलं. जे गिऱ्हाईक भांडणात आपल्या बाजूनं बोलेल त्यालाच गॅस, असं त्यानं सांगितलं. आपला देश गप्प राहिला. जहाज थांबलं.

भट्टी एकदम गार झाली तर आतलं अस्तर तडकतं. मग कित्येक महिने काम बंद, साठ माणसं घरी.

मालकांनी बोलावलं. “पुराने तेलवाले बर्नर लगा दो ना, भैया.”

ते भंगारात काढा म्हणून मीच एकोणीस स्लाइडचं प्रेझेंटेशन दिलं होतं. शेवटच्या स्लाइडवर उगवता सूर्य होता.

“सर, ते विकले आपण.”

मालकांनाही तो सूर्य आठवला असावा.

मी खाली फिटर सोनकुसरे काकांकडे धावलो. “काका, तेलाचे बर्नर कुठं मिळतील?”

“काहून? आपलेच आहेत ना जी, स्टोअरमागं.”

“अहो, मी भंगाराच्या कागदावर सही केली होती!”

“सही तुम्ही केली, गाडी मी भरली. विश्वकर्म्याच्या पूजेत मांडलेली वस्तू भंगारात कशी देऊ? दरवर्षी हळद-कुंकू लावून राहिलो.”

मागच्या पूजेला त्यांच्याच शेजारी उभा राहून मी फोटो काढला होता. झेंडूखाली बर्नर ओळखू आले नाहीत.

“पण चालतील?”

“पूजेआधी साफ करावंच लागते ना! नोझल उघडून, तेल देऊन ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी तेलाचा टँकर आला. काकांनी एकेक बर्नर बसवला. भट्टीचा पारा खाली सरकला, थांबला, मग चढला. मी काकांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, “आधी तो व्हॉल्व्ह धरा.”

मालकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, “काका का प्रेझेंटेशन कितने स्लाइड का था?”

पुढं त्या दोन देशांचं जमलं, गॅस आला. तरी दर तीन महिन्यांनी एक दिवस आम्ही भट्टी तेलावर चालवतो. परदेशातल्या भांडणावर आपला इलाज नाही. नोझल मात्र साफ ठेवता येतं.